कडेची ओळ

माझ्या वडिलांना टरबूज निवडता येत नसे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्यांच्याबद्दल जे सांगणार आहे ते ऐकताना हे टरबूज डोक्यात राहिलं पाहिजे.

उन्हाळ्यात दर रविवारी ते पिशवी घेऊन बाजारात जात. टरबुजांच्या ढिगापुढे उभे राहत, एकेक उचलून कानाशी धरत आणि डोळे मिटून त्यावर दोन बोटांनी टिचक्या मारत. दहा-बारा टरबुजं नापास होत. विकणारा आधी हसे, मग वैतागे, मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळे. शेवटी एक टरबूज पास होई आणि वडील ते पोटाशी धरून लढाई जिंकल्यासारखे घरी येत. आई सुरी घाली. आत पांढरंफटक. डोळे बांधून कुणी उचललं असतं तरी पाचात एखादं लाल निघालंच असतं, पण वडिलांचा नेम कधी म्हणून हुकला नाही.

"भोपळ्याचा भाऊ निघाला," आई म्हणे.

"वाण उत्तम आहे," वडील म्हणत. "पाणी कमी पडलं असणार."

आणि हा माणूस एकतीस वर्षं निवड करण्याची नोकरी करत होता. भात संशोधन केंद्रावर ते पैदासकार होते. दोन वाणांचा संकर करायचा, त्यांच्या पिढ्या वाढवायच्या, हजारो रोपांतून बरी निवडायची आणि त्यातून नवा वाण काढायचा, हे त्यांचं काम. एकतीस वर्षांत त्यांनी काढलेला एकही वाण कुणाच्या शेतात दोन हंगामांपेक्षा जास्त टिकला नाही. त्यांना मात्र विचारलं असतं तर जगातला भात त्यांच्या जिवावर पिकत होता.

केंद्रावरच्या बायका त्यांना 'नजर' म्हणत. त्यांचा सगळा तोरा त्या एका शब्दावर होता. "हे पुस्तकात शिकवत नाहीत. पैदासकाराला नजर असावी लागते, आणि ती रक्तात असावी लागते," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. बायकांनी ते ऐकलं आणि उचललं. ते लांबून दिसले की एक म्हणे, "नजर आली गं." दुसरी म्हणे, "मग या खाचराला लागणार." आणि सगळ्या ओणव्या होऊन पदराआड हसत. वडिलांनाही हे टोपणनाव ठाऊक होतं आणि ते त्यांना गौरव वाटे. त्यांना टोमणा कळायला टोमणा मारणाऱ्याने वर सही-शिक्का करून द्यावा लागला असता.

पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट आणि हातात छत्री. पावसाळा असो की नसो, छत्री असेच, कारण रोप दाखवायला तिचं टोक लागे. ते बांधावरून चालत. खाचरात उतरत नसत. बांधावरून छत्री रोखायची आणि म्हणायचं, "ते. नाही, त्याच्या मागचं. हां, ते." मग खाली चिखलात उभी असलेली बाई त्या रोपाला लाल चिठ्ठी बांधे. एकतीस वर्षांत त्यांच्या बुटाच्या टाचेवर कधी चिखल चढला असेल असं मला वाटत नाही. चढलाच असता तर त्यांनी त्याचीही चौकशी लावली असती.

ती चिठ्ठी बांधणारी बाई म्हणजे माझी ताई. त्यांची थोरली मुलगी.

आता भाताचं थोडं सांगायला हवं, नाहीतर वडील किती पोकळ होते ते नीट कळायचं नाही. दोन वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळी रोपं एकसारखी येतात, गणवेशातल्या मुलींसारखी. दुसऱ्या पिढीत ज्याचं त्याचं सुरू होतं. कुणी आजोबांवर गेलेलं, कुणी आत्यावर. उंच, बुटकं, लवकर पिकणारं, रेंगाळणारं, बारीक दाण्याचं, जाड दाण्याचं. त्यातली बरी वेगळी काढत जायची, दर पिढीत पुन्हा पुन्हा, आणि सात-आठ पिढ्यांनी गडी स्थिरावतो. ऐकायला सोपं आहे. अडचण एवढीच की रोप जे दिसतं ते दोन गोष्टी मिळून दिसतं : त्याच्या आत काय आहे, आणि ते उभं कुठे आहे. आतलं बियांतून पुढच्या पिढीत जातं. जागा जात नाही. निवडणाऱ्याचं सगळं कसब ही जागा मनातल्या मनात वजा करण्यात असतं.

बांधालगतचं रोप नेहमी फुगतं. एका बाजूला शेजारी नाही, ऊन भरपूर, वारा भरपूर, वाहून आलेलं खत कडेला साचतं तेही त्याच्याच वाट्याला. म्हणून खाचराच्या चारी कडांना दोन-दोन ओळी साध्या भाताच्या लावतात. त्यांना आम्ही पहाऱ्याच्या ओळी म्हणतो. कडेचं ऊन-वारा-खत त्यांनी खावं आणि आतल्या रोपांची परीक्षा सारखी व्हावी. निवडीच्या एक-दोन दिवस आधी या ओळी कापून टाकतात, म्हणजे चुकून कुणी त्यातलं रोप धरू नये. कडेला मग त्यांची धसकटं तेवढी उरतात. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही शिकवतात. वडील स्वतः शिकवत, फळ्यावर चौकोन काढून, रंगीत खडूने.

आमचं घर केंद्राच्या वसाहतीत होतं. बाहेरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि कोपऱ्यातली एक खोली, जिला दोन बाजूंनी खिडक्या होत्या. मी चार वर्षांची असताना मला खोकला झाला आणि डॉक्टरांनी हवेशीर खोलीत झोपवा म्हणून सांगितलं. खोकला महिनाभरात गेला. खोली माझ्याकडेच राहिली. मग तिथे टेबल आलं, टेबलावर दिवा आला, आणि मी अभ्यास करत असले की बाहेर रेडिओचा आवाज कमी होऊ लागला.

ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. ती मधल्या खोलीत. स्वयंपाकघरात जायचं तर मधल्या खोलीतून, मोरीवर जायचं तर मधल्या खोलीतून, मागच्या अंगणात कपडे वाळत घालायचे तरी मधल्या खोलीतूनच. घराची सगळी रहदारी तिच्या पुस्तकावरून जाई. त्यात "जरा हे धर", "जरा दूध बघ", "जरा दार उघड" हे दर पाच मिनिटांनी. बारावीला ताई गणितात चार गुणांनी गेली. त्याच वर्षी मी सातवीत वर्गात पहिली आले. वडिलांनी दोन्ही गुणपत्रिका टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, चष्मा पुसला आणि निकाल दिला.

"धाकटीत आहे ते. थोरलीत नाही. वाणातच नाही, त्याला कोण काय करणार?"

पोटच्या दोन मुलींबद्दल हे बोलणारा माणूस पैदासकार होता! एकाच संकराची दोन रोपं, एक दोन खिडक्यांत वाढलेलं आणि एक रस्त्यात, आणि याला वजाबाकी सुचली नाही. ताईची परीक्षा पुन्हा देण्याची गोष्ट तिथेच संपली. वर्षभराने त्यांनी तिला केंद्रावर रोजंदारीवर लावून दिली आणि पुढची वीस वर्षं "थोरलीच्या हाताला काम दिलं" असं उपकार केल्याच्या सुरात सांगत राहिले. मला त्यांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. मीही चढले. मला ते आवडत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण थोरलीच्या हातात काय होतं ते केंद्रावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं, एका माणसाचा अपवाद सोडून. भाताचं फूल म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी पेटी. त्यात सहा परागकोश, केसाएवढ्या दांड्यांवर पिवळ्या पिशव्या. संकर करायचा तर फूल उमलायच्या आधी त्या पेटीचं टोक कात्रीने छाटायचं आणि चिमट्याने सहाच्या सहा कोश काढायचे, एकही न फोडता, मधल्या पिसासारख्या कुक्षीला धक्का न लावता. एक जरी राहिला तरी फूल स्वतःच्याच परागाने धरतं आणि सगळी मेहनत पाण्यात. पदवी घेतलेले अधिकारी शंभर फुलं करत तेव्हा वीस धरत. ताईची साठ-सत्तर धरत. ती काम करताना श्वास सोडायची नाही. एक फूल झालं की मग सोडायची.

मी सांगतेय त्या संकराचं फूलन् फूल तिच्या हातचं होतं. एका बाजूला उंच वाण, बारीक लांब दाण्याचा, पण कंबर कच्ची, जरा वारा आला की आडवा. दुसरा बुटका, कितीही वारा येवो, ताठ, पण दाणा जाडाभरडा. ताठ कंबरेचं आणि बारीक दाण्याचं रोप हवं होतं. चौथ्या पिढीला केंद्राच्या पाटालगतचं खाचर मिळालं, दोन हजार रोपं. त्यातली तीसच निवडायची, कारण पुढच्या हंगामात तीसच ओळींना जागा होती. तीस लाल चिठ्ठ्या. ज्यांना चिठ्ठी मिळाली त्यांचं बी वेगळं ठेवायचं. उरलेलं सगळं त्याच दिवशी कापून एकत्र झोडपायचं. एकदा त्या ढिगात गेलं की कुठल्या रोपाचा दाणा कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

त्या हंगामात पहाऱ्याच्या ओळींचं आवण, म्हणजे वाफ्यातली रोपं, कुजलं. लावणीला ती रोपं मिळालीच नाहीत, म्हणून बायकांनी पहिल्या ओळीपासून थेट संकराचीच रोपं लावली. ताईने ते कारकुनाला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि वहीत दरवर्षीप्रमाणे लिहिलं : 'पहाऱ्याच्या ओळी – दोन, नेहमीप्रमाणे.' ताईने घरी वडिलांनाही सांगितलं. ते पेपर वाचत होते.

"बाबा, या खेपेला पहाऱ्याच्या ओळी नाहीत हं. कडेपासूनच लावलंय."

"हूं," वडील म्हणाले.

त्यांच्या 'हूं'मध्ये ताईची कितीतरी वाक्यं गेली आहेत.

निवडीच्या आदल्या दिवशी मी घरी होते. भातपैदाशीतच पदव्युत्तर शिकत होते, शेवटचं वर्ष, आणि वडिलांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. केंद्रावर दोन नवे अधिकारी आले होते, त्यांच्यापुढे मला मिरवायचं होतं. संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात ताटात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते.

"गंमत बघ," ती म्हणाली, "आपण घरात निवडतो म्हणजे वाईट असेल ते बाहेर काढतो. बाबा शेतात निवडतात म्हणजे चांगलं असेल ते बाहेर काढतात. शब्द एकच."

"बाबांचा त्यातच घोळ होतो," मी म्हटलं. "ते खडे जपून ठेवतात."

ती हसली. मग खडा काढता काढता, वर न बघता म्हणाली, "पंधराव्या ओळीत एक रोप आहे."

"हं?"

"मधोमध. चारी बाजूंनी दाटीत. परवा वारा आला ना, आजूबाजूची सगळी आडवी झाली. ते उभंय. चौदाच फुटवे आहेत, पण एकेक लोंबी बुडापर्यंत भरलेली. मी एक दाणा सोलून बघितला. बारीक, लांब. आईच्या सुईसारखा." तिने ताट खाली ठेवलं. "तेच आहे गं ते. जे आपल्याला हवं होतं तेच."

"मग सांग की बाबांना."

"माझं ऐकतात का? चिठ्ठी मागितली तर म्हणतील, तुझं काम बांधायचं." ती माझ्याकडे बघायला लागली. "तू सांग उद्या. तुझं ऐकतील. एवढं एक कर. माझ्या हातचं राहतं काय, सांग. स्वयंपाक केला की संपतो, धुतलेलं परत मळतं. हे एक राहील. नाव कुणाचं का लागेना."

"सांगते ना," मी म्हटलं. "त्यात काय एवढं!"

ताईने पुन्हा ताट मांडीवर घेतलं. त्या संध्याकाळी ती गुणगुणत होती. एरवी ती गुणगुणत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मिरवणूक निघाली. पुढे छत्री, मागे वडील, त्यांच्या बाजूला मी, मागे दोन नवे अधिकारी, एकाच्या हातात वही, दुसऱ्याच्या गळ्यात कॅमेरा. ताई खाचरात, पोटऱ्यांना चिखल, कमरेला चिठ्ठ्यांची पिशवी आणि सुतळी. वडील व्याख्यान देत चालले होते. लोंबी कशी बघावी, पान कसं बघावं, आणि मुख्य म्हणजे नजर. प्रत्येक रोपापुढे थांबून ते डोळे बारीक करत. टरबुजाच्या ढिगापुढेही ते अगदी असेच दिसत.

एकोणतीस चिठ्ठ्या झाल्या. त्यातल्या निम्म्या मी बांधल्या नसत्या, पण ते असो. ताई आता पंधराव्या ओळीत उभी होती. रोपाला हात लावत नव्हती, नुसती त्याच्या शेजारी उभी होती.

"शेवटची चिठ्ठी, बाबा," ती म्हणाली. "हे बघा ना. वाऱ्यात पडलं नाही."

वडिलांनी मान लांब केली. "फुटवे किती?"

"चौदा. पण भरलेत सगळे."

"चौदा!" वडील अधिकाऱ्यांकडे वळून हसले. "आणि हे बघा." छत्री पाटाच्या बाजूला वळली. तिथे बांधाला चिकटून एक रोप उभं होतं, दणदणीत, काळंहिरवं, गच्च फुटव्यांचं. लाडावलेलं. "बावीस तरी असतील. लोंब्यांची लांबी बघा. अशा रोपापुढे आपोआप थांबायला होतं. हीच नजर."

वहीवाल्या अधिकाऱ्याने चाचरत विचारलं, "सर, हे कडेचं तर नव्हे?"

वडील त्याच्यावर रागावले नाहीत. त्यांना त्याची दया आली. "पहाऱ्याच्या ओळी परवाच कापल्या की. वही बघा."

त्याने वही बघितली. "दोन, नेहमीप्रमाणे."

"झालं तर मग."

मी खाली बघितलं. कापलेल्या ओळींची धसकटं राहतात, दोन बोटं उंच, एकाला एक लागून. तिथे एकही धसकट नव्हतं. बांधाचं गवत होतं आणि गवताला लागून ते रोप. बूट एक पाऊल पुढे टाकून वाकायचं, एवढंच काम होतं. इतक्या वर्षांची नजर आणि पायापाशी गवत आहे की धसकट, हे बघायला ती खाली वळली नाही. वर लोंब्यांना सोन्यासारखं ऊन लागलं होतं आणि शेजारी ऐकणारी माणसं होती.

ताई माझ्याकडे बघत होती.

"आता आपण माझ्या धाकटीला विचारू," वडील म्हणाले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हिच्यात माझी नजर उतरली आहे. बरं का, मी काही शिकवलेलं नाही, उपजतच आहे. बोल बाळ, शेवटची चिठ्ठी कुणाला? ते मधलं, की हे?"

दोघे अधिकारी माझ्याकडे बघायला लागले. कॅमेरावाला जरा हसला, कौतुकाने. माझ्या डोक्यात वाक्य तयार होतं. 'बाबा, इथे धसकटं नाहीत.' चार शब्द. ते म्हटलं असतं तर त्या दोघांपुढे वडिलांची नजर चिखलात गेली असती, आणि तिच्याबरोबर, वडिलांच्याच हिशोबाने, माझ्यात उतरलेलीही.

"हे," मी म्हणाले. आणि कुणी विचारलं नव्हतं तरी पुढे म्हणाले, "प्रश्नच नाही, बाबा. हेच."

"बघा!" वडील म्हणाले.

ताई पंधराव्या ओळीतून निघाली. रोपं मोडू नयेत म्हणून दोन ओळींच्या मधून पाय टाकत कडेपर्यंत आली, पिशवीतून शेवटची चिठ्ठी काढली आणि त्या रोपाला बांधली. दोन गाठी. ती नेहमी दोन गाठी मारते, म्हणजे वाऱ्याने सुटू नये. कॅमेरावाला म्हणाला, "सर, एक फोटो." वडिलांनी छत्री टेकवली, छाती काढली. मी त्यांच्याशेजारी. ताई बाजूला झाली.

दुपारी विळे आले. संध्याकाळपर्यंत खाचर मोकळं झालं होतं आणि खळ्यावर एक मोठा ढीग पडला होता. बाकीच्या बायका झोडपत असताना ताई थोडा वेळ त्या ढिगापाशी उभी राहिली, मग तीही झोडपायला लागली. घरी तिने मला काही विचारलं नाही. मीच बोलले. म्हटलं, इतक्या लोकांत बरं दिसलं नसतं, आणि तशीही एका रोपाची खात्री कुणी देऊ शकत नाही, शास्त्रच तसं सांगतं. ताई म्हणाली, "बरं." आणि मला वाढलं.

पुढचं वडिलांना शोभेसं झालं. पुढच्या हंगामात त्या बहाद्दर रोपाचं बी ओळीत लावलं तर ती ओळ इतर ओळींसारखीच आली, मुंगीएवढाही फरक नाही. "अजून रंगात यायचाय," वडील म्हणाले. त्यांनी आपलं सगळं वजन खर्चून त्याला पिढ्यान् पिढ्या पुढे ढकललं आणि शेवटी पाच ठिकाणच्या चाचण्यांत घातलं. पहिल्याच मोठ्या वाऱ्यात पाचही ठिकाणी तो आडवा झाला, साष्टांग नमस्कार घातल्यासारखा. समितीने त्याला यादीतून काढला. वडिलांनी खताला दोष दिला, मातीला दिला, मजुरांना दिला, आणि सगळे दोष देऊन झाल्यावर ते म्हणाले, "वाण उत्तम होता. पाणी कमी पडलं असणार." आई तिथेच होती. ती उठून आत गेली आणि आत जाऊन हसली.

मग ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी केंद्राने त्यांना तोच फोटो मोठा करून, चौकटीत घालून दिला. वसाहत सोडून गावातल्या घरी आल्यावर तो बाहेरच्या खोलीत दारासमोर लागला. आल्यागेल्याला वडील तो दाखवतात. "नजर," ते म्हणतात, आणि त्या वाणाचं पुढे काय झालं हे कुणी विचारलं की चहा मागवतात. हे बघून मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. चीडच आली.

मी आता दुसऱ्या केंद्रावर पैदासकार आहे. माझ्या पायात गमबूट असतात, मी खाचरात उतरते, वाकते, धसकटं मोजते. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी मी एक गोष्ट सांगते. छत्रीवाला पैदासकार, पॉलिश केलेले बूट, बावीस फुटवे आणि पायाशी गवत. टरबुजाने सुरुवात करते. मुलं पोट धरधरून हसतात. गोष्ट मी 'वही बघा'वर संपवते. त्यानंतर कुणीतरी कुणाला काहीतरी विचारलं होतं, ते सांगत नाही. इतकी वर्षं सांगून सांगून मलाही ती तेवढीच आठवायला लागली होती.

गेल्या महिन्यात घर रंगवायला काढलं म्हणून मी चार दिवस गेले होते. वडील मागच्या अंगणात खुर्चीत डुलक्या घेत होते. मी आणि ताई बाहेरच्या खोलीतल्या भिंती मोकळ्या करत होतो. ताई अजून केंद्रावर आहे. आता नवे अधिकारी आपापले संकर तिच्याच हातून करून घेण्यासाठी रांग लावतात आणि शोधनिबंधात तिचे आभारही मानत नाहीत. तिने फोटो खाली उतरवला, मांडीवर घेतला आणि ओल्या फडक्याने काच पुसायला लागली. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. वडील मध्यभागी, छत्री, रोप, शेजारी मी. एका कडेला ताईचा नुसता हात आलाय, मनगटापर्यंत, बोटांत सुतळीचा तुकडा.

मला राहवलं नाही. मी नेहमीची टकळी सुरू केली.

"बघ, खाली बघ. एक धसकट नाही. नुसतं गवत! आंधळ्यालाही दिसलं असतं. आणि हा माणूस छाती काढून उभा आहे. एवढं दिसलं नाही गं त्यांना?"

"नाहीच दिसलं," ताई म्हणाली. ती काच पुसतच होती. "ते वर बघत होते."

मग तिचं फडकं थांबलं. तिने काचेवर बोट ठेवलं, वडिलांच्या शेजारी, माझ्या चेहऱ्यावर. इतकी वर्षं तो फोटो त्या भिंतीवर होता आणि मी त्यात फक्त वडिलांनाच बघत आले होते. वडील कॅमेऱ्याकडे बघताहेत. मी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. माझी मान झुकलेली आहे आणि माझे डोळे रोपाच्या बुडाशी, गवतावर आहेत.

"तू खाली बघत होतीस," ताई म्हणाली.